जेमी व्हार्डी

जेमी रिचर्ड व्हार्डी (जन्म: ११ जानेवारी १९८७, शेफील्ड, इंग्लंड) हा इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. तो आघाडीपटू म्हणून खेळतो. २०१२ ते २०२५ अशी तेरा वर्षे तो लेस्टर सिटी या क्लबाकडून खेळला आणि या काळात त्याने ५०० सामन्यांत २०० गोल केले. लेस्टरने २०१५–१६ साली जिंकलेल्या प्रीमियर लीगमध्ये आणि २०२१ साली जिंकलेल्या एफए चषकात त्याचा महत्त्वाचा वाटा होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून तो २६ सामने खेळला व त्यात त्याने ७ गोल केले.

प्रीमियर लीगमधील बहुतेक खेळाडू आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून मोठ्या क्लबांच्या अकादमीत घडवले जातात. व्हार्डीला अशाच एका अकादमीने वयाच्या सोळाव्या वर्षी नाकारले. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे त्याने इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या, सातव्या आणि पाचव्या स्तरावर काढली. त्यांतील बराच काळ तो दिवसा कारखान्यात काम करून संध्याकाळी सरावाला जात असे. प्रीमियर लीगमध्ये तो पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याचे वय २७ होते. हा प्रवास समजण्यासाठी आधी इंग्लिश फुटबॉलची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

इंग्लिश फुटबॉलची उतरंड

इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धा एकावर एक रचलेल्या उतरंडीसारख्या आहेत. सर्वांत वर २० संघांची प्रीमियर लीग असते. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या प्रत्येकी २४ संघांच्या तीन श्रेणी येतात. या चार स्तरांवरील ९२ क्लबांखाली जे फुटबॉल खेळले जाते, त्याला इंग्लंडमध्ये ‘नॉन-लीग’ असे म्हणतात. पाचवा स्तर देशव्यापी आहे. पूर्वी त्याला कॉन्फरन्स म्हणत, आता नॅशनल लीग म्हणतात. सहाव्या स्तरापासून विभागणी प्रादेशिक होत जाते. सातव्या-आठव्या स्तरावरचे सामने काहीशे प्रेक्षकांसमोर होतात. तेथील खेळाडू शिक्षक, गवंडी, कामगार किंवा टपालवाटप करणारे असतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी सामना खेळतात.

प्रत्येक हंगामाच्या शेवटी वरचे संघ एक पायरी चढतात आणि तळाचे संघ एक पायरी उतरतात. कागदावर तरी गावातला एखादा लहानसा क्लब पायरीपायरीने सर्वोच्च स्तरापर्यंत पोहोचू शकतो. ही वाट मात्र पूर्वीपासून खुली नव्हती. चौथ्या स्तरावर प्रवेश द्यायचा की नाही, हे पूर्वी लीगमधील क्लब मतदानाने ठरवत, आणि सहसा ते आपल्यातल्याच जुन्या सदस्याच्या बाजूने मत देत. पाचव्या स्तरावरील विजेत्याला आपोआप बढती देण्याचा नियम १९८६–८७ च्या हंगामापासून लागू झाला. स्कारबरो हा या नियमाने वर गेलेला पहिला क्लब. त्याच वर्षी जानेवारीत व्हार्डीचा जन्म झाला होता.

क्लबांप्रमाणे खेळाडूही वर चढतात, पण त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. आपला क्लब बढती मिळवून वर नेईल, किंवा वरचा एखादा क्लब त्यांना विकत घेईल. व्हार्डीच्या कारकिर्दीत या दोन्ही वाटा आलटून-पालटून आल्या. त्यामुळेच तो तिसऱ्या आणि चौथ्या स्तरावर लीगचा एकही सामना न खेळता वर पोहोचला.

शेफील्ड आणि स्टॉक्सब्रिज

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधील पोलादासाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. जगातील सर्वांत जुना समजला जाणारा फुटबॉल क्लब, शेफील्ड एफसी (स्थापना १८५७), याच शहरातला. व्हार्डी लहानपणापासून शहरातील शेफील्ड वेन्सडे या मोठ्या क्लबाचा चाहता होता आणि त्याच क्लबाच्या अकादमीत तो वाढला. अंगकाठी लहान असल्याच्या कारणावरून क्लबाने त्याला पुढे ठेवले नाही. या निर्णयानंतर काही काळ त्याने फुटबॉल जवळजवळ सोडूनच दिला होता. त्याची उंची नंतर वाढली, पण अकादमीचे दार दुसऱ्यांदा उघडले नाही. किशोरवयात शरीराची वाढ प्रत्येकाची वेगवेगळ्या वेगाने होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून त्याच्या खेळाचा निवाडा करण्याची पद्धत किती कच्ची आहे, हे दाखवण्यासाठी इंग्लंडमध्ये व्हार्डीचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पुढे तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबाच्या युवा संघात दाखल झाला. स्टॉक्सब्रिज हे शेफील्डच्या वायव्येस डोंगरउतारावर वसलेले छोटे गाव. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल फॉक्स या उद्योजकाने येथे छत्र्यांच्या पोलादी काड्या बनवायला सुरुवात केली आणि त्यातून मोठा पोलाद कारखाना उभा राहिला. क्लबाच्या नावातील ‘स्टील्स’ हा शब्द त्याचीच खूण आहे. २००७ मध्ये व्हार्डी क्लबाच्या मुख्य संघात आला. क्लब तेव्हा आठव्या स्तरावर होता. सुरुवातीला त्याला आठवड्याला ३० पौंड मिळत. पोटापाण्यासाठी तो एका कारखान्यात कार्बन फायबरपासून पायांचे वैद्यकीय आधार बनवण्याचे काम करत होता.

२००७ सालीच एका पबबाहेर झालेल्या मारामारीच्या प्रकरणात तो हल्ल्याच्या आरोपाखाली दोषी ठरला. श्रवणदोष असलेल्या मित्राची टिंगल होत असल्यामुळे आपण मध्ये पडलो, असे त्याने नंतर सांगितले. शिक्षा म्हणून सहा महिने त्याच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा होता आणि संध्याकाळी सहानंतर घराबाहेर राहण्यास मनाई होती. त्याचा परिणाम थेट मैदानावर झाला. सामना दूरच्या गावी असेल तर तासभर खेळून त्याला बाहेर यावे लागे आणि तडक गाडीत बसून घर गाठावे लागे. त्या काळात संघाला त्याच्याकडून शेवटच्या अर्ध्या तासाची आशाच नसे.

तरीही स्टॉक्सब्रिजसाठी त्याने सुमारे शंभर लीग सामन्यांत साठाहून अधिक गोल केले. २००९ मध्ये क्लब सातव्या स्तरावर गेला. वरच्या काही क्लबांनी त्याच्याबद्दल चौकशी केली, पण पक्के काही ठरले नाही, आणि तो तेविसाव्या वर्षापर्यंत तिथेच राहिला. आज क्लबाच्या ब्रॅकन मूर येथील मैदानावर प्रेक्षकांच्या एका सज्जाला त्याचे नाव आहे.

हॅलिफॅक्स आणि फ्लीटवुड

जून २०१० मध्ये एफसी हॅलिफॅक्स टाउनने १५,००० पौंड मोजून त्याला घेतले. हॅलिफॅक्सचा मूळ क्लब २००८ साली कर्जामुळे बंद पडला होता आणि नव्या नावाने तीन स्तर खालून पुन्हा सुरुवात करत होता. अशा क्लबासाठी ही रक्कम लहान नव्हती. प्रशिक्षक नील ॲस्पिन यांच्या हाताखालील पहिल्याच हंगामात व्हार्डी संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि हॅलिफॅक्सने सातव्या स्तराचे विजेतेपद मिळवले.

सहाव्या स्तरावर त्याने मोजकेच सामने खेळले. ऑगस्ट २०११ मध्ये, नवा हंगाम सुरू होऊन काही आठवडेच झाले असताना, पाचव्या स्तरावरील फ्लीटवुड टाउनने त्याला विकत घेतले. फ्लीटवुड हे लँकेशायरच्या किनाऱ्यावरील मासेमारीचे बंदर. तेथील क्लबाने खेळाडूंना पूर्णवेळ करारावर घेण्यास नुकतीच सुरुवात केली होती. व्हार्डी आता फक्त फुटबॉलवर जगू लागला. रोजचा सराव, योग्य आहार आणि विश्रांती यांचा फरक आकड्यांत दिसतो: २०११–१२ च्या हंगामात त्याने लीगच्या ३६ सामन्यांत ३१ गोल केले. प्रशिक्षक मिकी मेलन यांच्या संघाने कॉन्फरन्स जिंकली आणि फ्लीटवुड इतिहासात प्रथमच पहिल्या चार स्तरांत दाखल झाला. जानेवारी २०१२ मध्ये एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीत शेजारच्या ब्लॅकपूलने फ्लीटवुडला ५–१ असे हरवले. फ्लीटवुडचा तो एकमेव गोल व्हार्डीचा होता.

मे २०१२ मध्ये दुसऱ्या स्तरावरील लेस्टर सिटीने त्याच्यासाठी १० लाख पौंड मोजले. नॉन-लीगमधील खेळाडूसाठी एवढी रक्कम त्यापूर्वी कोणीच दिली नव्हती. स्टॉक्सब्रिज सोडल्याला तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

लेस्टरमधील पहिली वर्षे

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातील, भारतीय वंशाच्या मोठ्या वस्तीमुळे आपल्याकडेही परिचित असलेले शहर. येथील पहिला हंगाम व्हार्डीसाठी कठीण गेला. लीगच्या २६ सामन्यांत त्याचे केवळ ४ गोल झाले. दहा लाख पौंडांची किंमत त्याच्या नावापुढे कायमची चिकटली होती आणि समाजमाध्यमांवर चाहते ती सतत आठवून देत होते. या काळात आपण मद्याच्या आहारी जात होतो, हे त्याने ‘फ्रॉम नोव्हेअर: माय स्टोरी’ (२०१६) या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. फुटबॉल सोडावा, निदान खालच्या क्लबाकडे उसनवारीवर परत जावे, असा विचार त्याच्या मनात होता. प्रशिक्षक नायजेल पिअरसन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याची समजूत घातली. क्लबाने त्याला घेतले ते पूर्ण विचाराने, असे त्यांनी त्याला सांगितले.

या टप्प्याकडे चरित्रलेखांत सहसा घाईने पाहिले जाते. वस्तुतः खालच्या स्तरावरून आलेले अनेक खेळाडू नेमके येथेच अडखळतात. खेळाचा वेग वाढतो, बचावपटू चुका कमी करतात, आणि शनिवारी हुकलेल्या गोलाची चर्चा आठवडाभर होते. बहुतेक क्लब अशा खेळाडूला वर्षभरात सोडून देतात. पिअरसन यांनी दिलेला दुसरा हंगाम नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

२०१३–१४ मध्ये व्हार्डीने लीगच्या ३७ सामन्यांत १६ गोल केले. लेस्टरने १०२ गुणांसह चॅम्पियनशिप जिंकली आणि दहा वर्षांनंतर क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला.

२१ सप्टेंबर २०१४ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध लेस्टर ३–१ असा मागे होता, तरीही सामना त्याने ५–३ असा जिंकला. व्हार्डीने प्रीमियर लीगमधील आपला पहिला गोल याच सामन्यात केला. शिवाय उरलेल्या चारही गोलांत त्याचा वाटा होता. दोन गोलांसाठी त्याने पास दिले, तर दोन वेळा त्याला पाडल्यामुळे संघाला पेनल्टी मिळाली. पण हा हंगाम एकंदरीत खडतर होता. नाताळच्या सुमारास लेस्टर तक्त्याच्या तळाशी होता. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून संघाने स्थान वाचवले आणि चौदावा क्रमांक मिळवला. व्हार्डीच्या नावावर हंगामात फक्त ५ गोल होते.

२०१५–१६: विजेतेपदाचा हंगाम

हंगामाच्या तोंडावर पिअरसन यांच्या जागी इटलीचे क्लॉडिओ रानिएरी आले. लेस्टरच्या विजेतेपदावर सट्टेबाजांनी ५०००ला १ असा भाव लावला होता. ऑगस्टमध्ये व्हार्डीने एका कॅसिनोत पूर्व आशियाई वंशाच्या व्यक्तीला उद्देशून वांशिक अपशब्द वापरल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली. त्याने माफी मागितली आणि क्लबाने त्याला दंड केला.

२९ ऑगस्टला बोर्नमथविरुद्ध त्याने पेनल्टीवर गोल केला. त्यानंतर लीगच्या प्रत्येक सामन्यात तो गोल करत गेला. सलग दहा सामन्यांत गोल करण्याचा रूड व्हान निस्टलरॉयचा विक्रम २००३ सालापासून अबाधित होता. २८ नोव्हेंबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, म्हणजे व्हान निस्टलरॉयच्याच जुन्या क्लबाविरुद्ध, व्हार्डीने सलग अकराव्या सामन्यात गोल केला. प्रतिस्पर्ध्यांचा कॉर्नर गोलरक्षक कॅस्पर श्मायकेलने झेलला, चेंडू लगेच क्रिस्टियन फुक्सकडे फेकला, फुक्सने धावत पुढे पास दिला आणि व्हार्डीने तो कोपऱ्यात मारला. लेस्टर त्या वर्षी कसे खेळत होते, हे या काही सेकंदांत पाहता येते. सर्वोच्च स्तरावरील सलग १२ सामन्यांचा जुना विक्रम जिमी डन याने १९३१–३२ मध्ये शेफील्ड युनायटेडकडून केला होता. तो मात्र व्हार्डीला गाठता आला नाही. पुढच्या सामन्यात स्वान्सीविरुद्ध तिन्ही गोल रियाद महरेझने केले.

हा संघ बहुतांशी इतरांनी न हेरलेल्या किंवा सोडून दिलेल्या खेळाडूंचा होता. महरेझ फ्रान्सच्या चौथ्या स्तरावरील कँपेर क्लबातून पुढे आला होता. एन्गोलो कान्टे २०१३ पर्यंत फ्रान्सच्या तिसऱ्या स्तरावर बूलोनकडून खेळत होता. चेंडू जास्त वेळ आपल्याकडे ठेवण्याचा अट्टहास संघाने धरला नाही. बचावपटू आपल्या गोलाजवळ दाटीने उभे राहत, कान्टे चेंडू हिसकावून घेई, डॅनी ड्रिंकवॉटर किंवा महरेझ तो लांब पाठवी आणि व्हार्डी धावू लागे. २ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलविरुद्ध महरेझचा असाच लांब पास एकदा टप्पा पडल्यावर, चेंडू न अडवता, त्याने सुमारे २५ यार्डांवरून गोलरक्षकाच्या डोक्यावरून गोलात मारला.

एप्रिलमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध पेनल्टीसाठी मुद्दाम पडल्याचा ठपका ठेवून पंचांनी त्याला दुसरे पिवळे कार्ड दाखवले आणि तो मैदानाबाहेर गेला. त्याच्याविना लेस्टरने पुढचा सामना जिंकला. २ मे रोजी टॉटनमने चेल्सीविरुद्ध २–२ अशी बरोबरी केली आणि विजेतेपद निश्चित झाले. लेस्टरचे खेळाडू तो सामना व्हार्डीच्या मेल्टन मोब्रे येथील घरी एकत्र बसून पाहत होते. लेस्टरचे ८१ गुण झाले, दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनलचे ७१. व्हार्डीचे लीगमध्ये २४ गोल झाले. फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले, तर खेळाडूंच्या संघटनेचा तसाच सन्मान महरेझला मिळाला.

खेळाची शैली

व्हार्डी शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून, ऑफसाइडच्या रेषेवर उभा राहतो आणि पास सुटताक्षणी मागच्या मोकळ्या जागेत शिरतो. त्याचा वेग सर्वांच्या लक्षात येतो, पण तितकाच उपयोगी ठरला तो त्याचा चिवटपणा. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंकडे असताना तो त्यांच्यावर धावून जातो आणि त्यांना घाईने पास द्यायला लावतो. नॉन-लीगमधील खडबडीत मैदाने आणि धसमुसळा खेळ यांतून ही सवय लागली, असे अनेक समीक्षक मानतात. अकादमीत वाढलेल्या त्याच्या पिढीतील आघाडीपटूंत ती कमी दिसते.

आर्सेनल, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल अशा मोठ्या संघांविरुद्ध त्याने बरेच गोल केले. त्याचे कारण सरळ आहे. हे संघ आक्रमणासाठी पुढे सरकतात आणि मागे मोकळी जागा सोडतात. उलट विजेतेपदानंतर लहान संघ लेस्टरविरुद्ध मागे थांबून खेळू लागले, तेव्हा त्याचे गोल घटले. २०१६–१७ मध्ये लीगमध्ये ते १३ वर आले.

राष्ट्रीय संघ

७ जून २०१५ रोजी डब्लिन येथे आयर्लंडविरुद्ध व्हार्डी इंग्लंडकडून प्रथम खेळला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. २६ मार्च २०१६ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून येऊन त्याने टाचेच्या हलक्या स्पर्शाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. इंग्लंडने तो सामना ०–२ वरून ३–२ असा जिंकला. २०१६ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत वेल्सविरुद्ध त्याने बरोबरीचा गोल केला. २०१८ च्या विश्वचषकाच्या संघातही तो होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने राष्ट्रीय संघातून माघार घेतली.

पुढील कारकीर्द

२०१६ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने करारातील तरतुदीनुसार त्याला घेण्याची तयारी दाखवली. व्हार्डीने नकार देऊन लेस्टरशी नवा करार केला. पुढील हंगामात लेस्टर चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. रानिएरी यांना मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

वेगावर अवलंबून असलेले आघाडीपटू तिशीनंतर सहसा मागे पडतात. व्हार्डीच्या बाबतीत असे झाले नाही. प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांनी त्याला मैदानभर धावण्यापेक्षा पेनल्टी क्षेत्राजवळ शक्ती राखून खेळण्यास सांगितले. २५ ऑक्टोबर २०१९ रोजी साउदॅम्प्टनवर मिळवलेल्या ९–० विजयात त्याने तीन गोल केले. २०१९–२० मध्ये २३ गोलांसह त्याने ‘गोल्डन बूट’ हा सर्वाधिक गोलांचा पुरस्कार मिळवला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. एवढ्या वयात प्रीमियर लीगमध्ये हा पुरस्कार त्याआधी कोणालाही मिळाला नव्हता. ४ जुलै २०२० रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याने प्रीमियर लीगमधील शंभरावा गोल केला.

१५ मे २०२१ रोजी लेस्टरने एफए चषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीला १–० असे हरवले. गोल युरी टिलेमन्सचा होता. या सामन्यामुळे व्हार्डीच्या नावावर एक अनोखी नोंद झाली. एफए चषकात लहान क्लबांच्या पात्रता फेऱ्या हंगामाच्या आरंभीच सुरू होतात आणि प्रीमियर लीगचे क्लब थेट तिसऱ्या फेरीत उतरतात. प्राथमिक पात्रता फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत स्पर्धेच्या प्रत्येक फेरीत खेळलेला व्हार्डी हा पहिला खेळाडू ठरला.

२०२३ मध्ये लेस्टरची दुसऱ्या स्तरावर घसरण झाली. व्हार्डी क्लब सोडून गेला नाही. २०२३–२४ मध्ये लीगमध्ये १८ गोल करून त्याने संघाला पुन्हा वर आणले. लगेच पुढच्या हंगामात क्लबाची पुन्हा घसरण झाली. १८ मे २०२५ रोजी इप्सविच टाउनविरुद्ध, लेस्टरकडून आपल्या पाचशेव्या सामन्यात, त्याने दोनशेवा गोल केला आणि क्लबाचा निरोप घेतला. प्रीमियर लीगमधील त्याचे एकूण गोल १४५ झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो इटलीच्या सेरी आ स्पर्धेतील क्रेमोनेझे या क्लबात दाखल झाला.

खालच्या स्तरांतील इतर खेळाडू

नॉन-लीगमधून सर्वोच्च स्तरावर पोहोचलेला व्हार्डी हा पहिला खेळाडू नाही. ख्रिस वॉडल टो लॉ टाउनकडून खेळत असताना सॉसेजच्या मसाल्यांच्या कारखान्यात काम करत होता. स्टुअर्ट पिअर्स वील्डस्टोनमधून, तर इयान राइट ग्रीनिच बरोमधून १९८५ साली क्रिस्टल पॅलेसमध्ये आला, आणि हे तिघेही पुढे इंग्लंडकडून खेळले. परंतु नंतरच्या काळात प्रीमियर लीगच्या क्लबांनी परदेशी खेळाडू आणि स्वतःच्या अकादम्या यांवर भर दिला आणि ही वाट अरुंद होत गेली. त्यामुळे २०१६ नंतर नॉन-लीगकडे पुन्हा नव्याने लक्ष गेले.

व्हार्डीने स्वतः त्याच सुमारास ‘व्ही नाइन अकादमी’ सुरू केली. नावातील नऊ हा लेस्टरमध्ये त्याच्या जर्सीचा क्रमांक होता. नॉन-लीगमधील निवडक खेळाडूंना तेथे आठवडाभर पूर्णवेळ क्लबांप्रमाणे प्रशिक्षण दिले जाई आणि शेवटी वरच्या श्रेणीतील क्लबांच्या निरीक्षकांसमोर सामना खेळवला जाई. त्यातून काही खेळाडूंना व्यावसायिक क्लबांचे करार मिळाले.